कणकुंबीला चहाला थांबलं की गाडी बंद

वाचकाचं पत्र, थोडं आखूड करून:

‘खानापूर तालुक्यात राहतो. वडिलांनी घेतलेली १९९८ ची मारुती ८०० आहे, पासिंग केए २२. बहीण गोव्यात साखळीला दिली आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा चोर्ला घाट होतोच. येताना गाडी तिसऱ्या गिअरात धापा टाकते, तापमानाचा काटा पाऊणपर्यंत जातो. घाट चढून कणकुंबीला चहाला थांबलो की नंतर सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी काहीच न करता चालू होते. घरी सकाळी चोक ओढला तरी दहा मिनिटं मिसिंग. आठ महिन्यांत तीन मेस्त्री झाले. प्लग, प्लग वायर, कॉइल, कार्ब्युरेटरचं किट, एसी पंप (पेट्रोलचा पंप) आणि सेल्फचे ब्रश बदलले. सव्वीस हजार गेले. बायको म्हणते भंगारात घाला. जीव होत नाही. काय करू?’

भंगाराचं नंतर बघू. आधी तुमच्या यादीकडे बघा. सहा वस्तू बदलल्या, पण एकही गोष्ट मोजल्याचा उल्लेख पत्रात नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती, कॉइलचे ओहम किती, पंप किती पेट्रोल फेकतो, पाणी किती तापतं, यातलं काहीच नाही. पहिल्या मेस्त्रीने अंदाजाने प्लग बदलले, दुसऱ्याने कॉइल, तिसऱ्याने कार्ब्युरेटर उघडला. जुनी गाडी इतकी छळत नाही, ही पद्धत छळते. शिवाय अंदाजाने घातलेल्या नव्या पार्टमधला एखादा स्वतःच चुकीचा असला तर मूळ आजारावर दुसरा आजार चढतो, आणि चौथ्या मेस्त्रीला दोन्ही एकदम दिसतात.

तुमच्या गाडीत तसंच झालं असावं असं वाचताना वाटतं. गरम असताना चालू न होणं, घाटात दम लागणं आणि सकाळचं मिसिंग या तीन तक्रारींचं मूळ एकच असेल असं धरून चालू नका.

पुढचा पार्ट घेण्याआधी साधा डिजिटल मल्टीमीटर, फट मोजायचं फीलर गेज, प्लगचा पाना, एक जुना पण चांगला प्लग आणि अर्ध्या लिटरची काचेची बाटली एवढं डिकीत टाका. कॉम्प्रेशन गेज विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच गॅरेजमध्ये असतं.

आता कणकुंबीचं बघू. गाडी बंद पडलेली असताना जी वीस मिनिटं तुम्ही चहात घालवता, तीच तपासणीची वेळ आहे. गाडी थंड झाली की पुरावा गेला. मेस्त्रीकडे गाडी पोचते तेव्हा ती चालू असते, म्हणून त्यालाही काही सापडत नाही.

बॉनेट उघडा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. सिगारेट किंवा काडेपेटी जवळ नको, हे सांगायला लागू नये, पण चहाच्या टपरीपाशी सांगावं लागतं. इग्निशन बंद ठेवून हाताने रेसची तार एकदा झटक्यात ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. त्यानंतर प्लगची एक वायर काढून तिच्यात तुमचा जादा प्लग बसवा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनाला घट्ट टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग कार्ब्युरेटरपासून लांब धरा, आणि वायर हातात न धरता इन्सुलेटेड पकडीने धरा. करंट, म्हणजे प्लगवरची ठिणगी, निळसर-पांढरा आणि टक-टक वाजणारा हवा. पिवळट, बारीक, मधेच गायब होणारा करंट म्हणजे करंट नाहीच असं समजा.

या दोन गोष्टींतून चार उत्तरं निघतात. पिचकारी आहे, करंट नाही, तर दोष इग्निशनमध्ये. करंट आहे, पिचकारी नाही, तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी आहे, म्हणजे एक तर पेट्रोल उकळून गेलं किंवा पंप पोचवत नाही. दोन्ही आहेत आणि आतून पेट्रोलचा भपकारा येतो, चोकची पट्टी ओली दिसते, तर इंजिन बुडालंय, म्हणजे फ्लड झालंय. दोन्ही आहेत, वासही नाही आणि तरी चालू होत नाही, तर कॉम्प्रेशनकडे किंवा टायमिंगकडे बघावं लागेल. पण तो दोष वीस मिनिटांत आपोआप बरा होत नाही, त्यामुळे तुमच्या गाडीत त्याची शक्यता कमी.

फ्लड झाली असेल तर तिथल्या तिथे उपाय एकच. रेस पूर्ण दाबून धरा आणि तशीच ठेवून सात-आठ सेकंद सेल्फ मारा. रेस पंप करू नका, दर वेळी दाबताना तुम्ही आणखी पेट्रोल आत ढकलता. आपल्याकडे गाडी चालू झाली नाही की पाच-सहा वेळा रेस मारायची सवय आहे, बुडालेल्या इंजिनाला ती आणखी बुडवते.

गरम गाडीत एवढं पेट्रोल आत जातं कसं? घाट चढून आल्यावर इंजिन बंद केलं की वारा थांबतो, पाण्याचा पंप थांबतो, आणि इंजिनाची उष्णता वर चढून पंपाला आणि कार्ब्युरेटरला भाजते. बॉनेटखालचा हा भाग गाडी चालत असतानापेक्षा बंद केल्यानंतर जास्त तापतो. पेट्रोलचे हलके घटक ३५–४० अंशांपासूनच उडायला लागतात. वाटीतलं पेट्रोल उकळलं की ते जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकातून) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, गळतं. आधी इंजिन बुडतं, मग वाटी रिकामी होते. पंपात आणि पाइपात वाफ झाली तर पंप वाफच ढकलत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. ते ओळखायचं तर पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपावर ओलं फडकं टाकून दोन-तीन मिनिटं थांबा. फडक्याने गाडी चालू झाली तर दोष उष्णतेचा आहे. फडकं कॉइलवर आणि डेल्कोवर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) मात्र टाकू नका.

यात आता पेट्रोलनेही भर घातली आहे. २०२२ च्या मध्यापर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर पोचलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं येऊ लागलं, आणि आज जवळपास कुठल्याही बंकावर जा, तेच मिळतं. चिकोडी-अथणीकडचा ऊस फिरून आपल्याच कार्ब्युरेटरमध्ये येतो म्हणा ना! १९९८ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. पहिला परिणाम रबरावर होतो. जुने पाइप आतून फुगतात, सुटतात, त्यांचा काळा चुरा जेटमध्ये जाऊन बसतो. पंपाचा पडदा कडक होतो. दुसरा परिणाम मिश्रणावर. निव्वळ पेट्रोलला जळायला एकास साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि या २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. तुमच्या कार्ब्युरेटरला डोळे नाहीत, तो १९९८ च्या मापानेच पेट्रोल देत राहतो. म्हणून मिश्रण पातळ होतं, थंडीत गाडी मिसिंग करते आणि चढावर दम कमी पडतो. मायलेज पाच-सहा टक्के कमी झालं तर ते या इंधनाचंच आहे, त्यासाठी मेस्त्रीशी भांडू नका. तिसरी गोष्ट, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकीच्या तळाचा जुना गंज सोडवतं.

यावर काय करायचं ते सांगतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी पाइप सगळे एकाच वेळी बदला, परतीच्या पाइपासकट. परतीचा पाइप विसरला जातो, आणि तो चोंदला की गरम पेट्रोल टाकीकडे जाण्याऐवजी पंपापाशीच फिरत राहतं. पाइप मागताना ‘पेट्रोलचा पाइप द्या’ एवढंच म्हटलं तर कुठलाही मिळतो. पाइपावर एसएई ३०आर९ असं छापलेलं बघून घ्या, ते इथेनॉलला टिकतं. क्लॅम्प नवे घ्या. टाकी काढून धुवून घ्या आणि पारदर्शक फिल्टर लावा. पहिल्या फिल्टरमध्ये दोनशे किलोमीटरला तपकिरी गाळ दिसला तर घाबरू नका, तो टाकीतला गंज आहे, फिल्टर बदला. दुसऱ्या-तिसऱ्या फिल्टरलाही तसाच दिसला तर मात्र टाकी आतून गेली.

कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर असतो. किट बसवताना तो तडकलेला असतो किंवा नीट बसत नाही, आणि कुणीतरी त्याच्या जागी पातळ गॅसकेट घालून मोकळा होतो. तो जागेवर आहे का ते आधी बघा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरचा पत्रा गंजून पडला असेल तर तोही परत बसवून घ्या.

आणि आता किट. चोर्ल्याचा हा त्रास किट बदलायच्या आधीपासून होता की नंतर सुरू झाला, हे आठवा. बाजारातल्या किटमध्ये निडल सीटखालचा (वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या बैठकीखालचा) वॉशर मूळच्यापेक्षा पातळ किंवा जाड निघतो. त्याच्या जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक वाटीतल्या पेट्रोलच्या पातळीत त्याहून मोठा होऊन उतरतो. पातळी वर गेली की गरम गाडी फ्लड होते, खाली गेली की चढावर उपाशी राहते. वाटीतला तरंगणारा फ्लोट काढून, हलवून कानाशी धरा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर तो भोक पडून बुडतोय. पातळी तुमच्या कार्ब्युरेटरच्या मापाने लावून घ्या, ‘डोळ्याने बरोबर आहे’ म्हणणाऱ्याकडून नको. जेट तारेने किंवा ड्रिलने मोठं करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. एकदा मोठं झालेलं भोक लहान होत नाही.

एसी पंप नवा आहे म्हणून तो चांगला आहे असं समजू नका. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून काचेच्या बाटलीत सोडा, कॉइलची मधली वायर काढून तिचं टोक इंजिनाला पक्कं अर्थ करा, म्हणजे ठिणगी उडणार नाही, आणि पंधरा सेकंद सेल्फ मारा. हे थंड इंजिनावर करा. दर फेऱ्याला पेट्रोलचा सणसणीत फटका यायला हवा. बुडबुडे येत असतील तर पंपाआधी कुठेतरी पाइप एअर घेतोय. तसा पाइप बाहेरून कोरडाच दिसतो, पेट्रोल गळत नाही, कारण तिथे हवा आत ओढली जाते.

हे झालं पेट्रोलचं. कणकुंबीच्या तपासणीत करंटच गेला असेल तर सगळा संशय कॉइलवर आणि डेल्कोवर. तुमची कॉइल बदललेली आहे, म्हणून तिच्याकडे कुणी बघणार नाही. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. जुन्या गाड्यांच्या कॉइल दोन तऱ्हेच्या येतात. एक साधारण तीन ओहमची, सरळ बारा व्होल्टवर चालणारी. दुसरी साधारण दीड ओहमची, बाहेरच्या रेझिस्टरबरोबर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनबरोबर चालणारी. डब्यावर दिसायला दोन्ही सारख्या. पॉइंटच्या (उघडमीट करणाऱ्या संपर्कांच्या) डेल्कोला रेझिस्टर नसताना दीड ओहमची कॉइल लावली तर तिच्यातून दुप्पट करंट वाहतो, ती तापते, घाटात आतली गुंडाळी सुटते, आणि वीस मिनिटांनी थंड झाली की पुन्हा जोडली जाते. तुमच्या लक्षणाशी हे तंतोतंत जुळतं. डेल्कोची कॅप उघडा. आत पॉइंट दिसले तर पहिली, इलेक्ट्रॉनिक पिकअप दिसला तर दुसरी कॉइल हवी. दोन्ही वायरी सुट्या करून कॉइलच्या दोन लहान टोकांवर मल्टीमीटरने ओहम मोजा, थंड असताना एकदा आणि घाटात बंद पडल्यावर एकदा. गरम असताना आकडा थोडा वाढणारच, पण मीटर एकदम ‘ओपन’ दाखवायला लागलं तर कॉइल गेली.

पॉइंट असतील तर कंडेन्सरही असाच गरम झाल्यावर दगा देतो. तो स्वस्त आहे, बदलून टाका आणि जुना चांगला असेल तर डिकीत ठेवा. पॉइंटमधला गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. नव्या प्लगचाही मोजा, डब्यातून काढला म्हणजे बरोबर असं नाही.

घाटातल्या दमाचं बघताना कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी फुकटच्या तपासण्या उरका. एकाने आत बसून रेस पूर्ण दाबायची, दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते बघायचं. पायाखालचं जाड मॅट किंवा सैल तार थ्रॉटल पाऊणच उघडू देते, आणि लोक महिनोन्महिने इंजिनाला शिव्या देत राहतात. जरा गाडी चालवून झाली की चारही चाकांच्या मधोमध हात जवळ नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. क्लच घसरतो का बघायला सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरात हळू चालवून एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी वाढली नाही तर क्लच प्लेट गेली. डेल्कोच्या बाजूच्या व्हॅक्यूमच्या डबीची नळी काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि जीभ नळीवर लावली तर ओढ टिकली पाहिजे. हवा सुटत असेल तर डबीतला पडदा फाटलाय, पेट्रोल जास्त लागतं आणि हलक्या रेसवर गाडी सुस्त वाटते.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉइल बंद, आणि प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे. तुमच्या इंजिनाचं १५० पीएसआयच्या वर यावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाबच आठ-नऊ टक्के कमी, त्यामुळे पुस्तकातला आकडा पूर्ण भरला नाही म्हणून लगेच इंजिन उतरवू नका. जास्त महत्त्वाचं हे की तिन्ही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. एखादा कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, जवळपास तेवढाच राहिला तर वाल्व किंवा हेड गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुतेक गॅसकेटच. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. हे इंजिन ठेवायचं की नाही, याचा निम्मा निर्णय त्यांच्यातच आहे.

काटा पाऊणपर्यंत जातो, हे एका परीने चांगलं आहे, लालपर्यंत तर जात नाही. रेडिएटरचं झाकण आधी बदला. ०.९ किलोचा दाब धरणारं झाकण असतं तेव्हा पाणी साधारण ११५ अंशांच्या पुढे उकळतं, आणि झाकणाचं रबर गेलं की आपल्या उंचीवर ९७ अंशांनाच. गरम असताना झाकण उघडू नका, फडकं धरूनही नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा वाल्व, काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवा. ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ म्हणून तो काढून टाकलेला असू शकतो. तो नसेल तर सकाळचं इंजिन लवकर गरम होत नाही, आणि तुमच्या दहा मिनिटांच्या मिसिंगचं ते एक कारण असू शकतं. रेडिएटरचा फॅन चालतो का बघायला थर्मो स्विचची वायर काढा. दोन वायरी असतील तर टोकं एकमेकांना जोडा, एकच असेल तर बॉडीला टेकवा, इग्निशन चालू. फॅन फिरला तर फॅन ठीक, स्विच गेला. फॅन फिरला नाही तर फ्यूज, रिले, मग मोटर. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर ६ ते ९ मिमी दबावा.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या मातीतल्या बोअरचं पाणी जड असतं. किटलीत जमतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत जमतो. तुमच्या खानापुरात पाणी हलकं असलं तरी साध्या पाण्याने आतून गंज चढतोच. कूलंट आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं मिसळून घाला, हीटर ‘गरम’वर ठेवून, सावकाश, बुडबुडे संपेपर्यंत. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या जाळीसमोर हात फिरवा, एखादा पट्टा थंड लागला तर तो चोंदलाय. आणि गाडी थंड असताना चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, किंवा झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेट फुटली. मग हेड उतरवावं लागेल. उतरवलंच तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये सरळपट्टी आणि फीलर लावून सपाटी बघून घ्या. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल तर हेड सरळ करून घेतल्याशिवाय नवी गॅसकेट टिकणार नाही. बेळगावात फाउंड्री आणि लेथवाल्यांचा तोटा नाही. या कामाला पुण्याला जायची गरज नाही.

सकाळच्या मिसिंगवर एक चाचणी उरते. इंजिन थंड असताना चालू करा आणि गॅरेजवाल्याकडचा कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर थोडा-थोडा मारा. जिथे मारल्यावर इंजिनाचा वेग बदलतो, तिथून हवा आत येतेय. सायलेन्सर गरम व्हायच्या आत हे उरका, नाहीतर आग लागेल.

पीयूसीची चिठ्ठी पोलिसांना दाखवायचा कागद म्हणून ठेवून देऊ नका. नळी सायलेन्सरमध्ये घालून खरीच तपासणी केली असेल तर तीवरचे आकडे कार्ब्युरेटरचं सेटिंग सांगतात. तुमच्या काळच्या गाडीला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ३ टक्के आणि एचसीची (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम. सीओ जास्त म्हणजे मिश्रण जाड. सीओ अगदी कमी आणि एचसी मात्र वाढलेला, तर पातळ मिश्रणामुळे किंवा इग्निशनमुळे मिसिंग. सेटिंगच्या आधी आणि नंतर, दोन चिठ्ठ्या काढा.

सेल्फचे ब्रश बदलूनही गरम असताना तो जड फिरत असेल तर अर्थिंग बघा. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारताना वाचा. ०.२–०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन लावा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ही टोकं हिरवी पडतात. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.५ दिसली की चार्जिंगचा विषय संपला.

मेस्त्रीबद्दल. तीन जण बदलले त्यात फार मोठी चूक नाही, पण आता एकाकडेच जा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चोर्ला करून यायचं, मगच पुढचं. एका फटक्यात चार पार्ट बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तरीही कळत नाही. काढलेला पार्ट परत मागून घ्या, ओरिजिनल जुना पार्ट पुष्कळदा नव्या डुप्लिकेटपेक्षा चांगला असतो. वही करा. त्यात तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचं, आणि लक्षणात काय फरक पडला एवढं असू दे. मेस्त्री कन्नड बोलणारा असेल तर लक्षण शब्दांत समजावत बसण्यापेक्षा कणकुंबीच्या चाचणीचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. करंट नसलेला प्लग कुठल्याही भाषेत तसाच दिसतो. टायमिंग बेल्ट शेवटी कधी बदलला याची नोंद नसेल तर बाकी काही करायच्या आधी तो बदला, घाटात तुटला तर गाडी ओढूनच आणावी लागेल.

आता बायकोचा मुद्दा. त्या अगदीच चूक नाहीत, फक्त इंजिन बघून ठरवू नका, पत्रा बघून ठरवा. इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर सगळं दुरुस्त होतं किंवा मिळतं. कार्पेट पूर्ण काढा, गाडी खड्ड्यावर घ्या, आणि जाड स्क्रू-ड्रायव्हरने जमिनीचा पत्रा, दारांखालची उंबऱ्याची पट्टी, बॅटरीचा ट्रे आणि चारही चाकांच्या सस्पेन्शनचे पाय जिथे बॉडीला बसतात ती जागा ठोकून-टोचून बघा. पायाखाली एखादं भोक असेल तर तुकडा वेल्ड करून चालेल. पण सस्पेन्शनच्या पायांपाशी स्क्रू-ड्रायव्हर आत घुसला तर ही गाडी घाटात न्यायची नाही. तिथे वरून पत्रा मारून काळा रंग फासून देणारे भेटतात, त्याने गंज झाकतो, ताकद येत नाही. दारांच्या तळाची पाणी जाणारी भोकं मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा, पावसाळ्यापूर्वी दर वर्षी.

कागदांचं थोडक्यात. तुमच्या गाडीची पहिली पंधरा वर्षं २०१३ ला संपली, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे २०१८, २०२३ आणि पुढचं २०२८. आरसी काढून तारीख खरंच तशी आहे का बघा. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत, आणि तेव्हा गाडी आरटीओला दाखवावी लागते. म्हणजे जो काही वेल्डिंगचा आणि रंगाचा खर्च करायचा तो २०२८ मध्ये पास होण्याच्या हिशेबाने करा. आणि पार्टसाठी म्हणून कोल्हापूरकडची दुसरी एमएच ०९ पासिंगची ८०० स्वस्तात मिळतेय असा मोह झालाच, तर पार्टसाठी घ्या, चालवायला नको. बारा महिन्यांच्या वर इकडे ठेवायची तर तिकडच्या आरटीओची ना हरकत, फॉर्म २८ वर, आणि इकडचा नवा नंबर, हे सगळं मागे लागतं.

पहिल्या रविवारी खड्ड्यावरचा गंज आणि कॉम्प्रेशन बघा. दोन्ही ठीक निघालं तर दुसऱ्या रविवारी कॉइलचे ओहम, झाकण आणि थर्मोस्टॅट. मग साखळीला जाऊन या आणि येताना कणकुंबीला बॉनेट उघडा. पेट्रोलचे पाइप त्या फेरीनंतर बदला, आधी नको, नाहीतर दोष पेट्रोलचा होता की करंटचा ते कधीच कळणार नाही. एक अपवाद. पाइप बाहेरून ओला असेल, तडकलेला असेल किंवा बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर तो आजच बदला. कॉम्प्रेशनचे तीन आकडे, कॉइलचे गरम-थंड ओहम, आणि पिचकारी होती की नव्हती, एवढं लिहून पाठवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.